सातमच्या दिवशी पेटवलेला डबा

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त ऋणी असेन, तर तो भिरूड बाईंचा. त्या पिंप्राळ्याच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. एरवी त्यांची आठवण मला परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत यायची. त्या दिवशी मात्र ती आली सातपुड्याच्या पायथ्याशी, एका गावच्या लिंबाखाली. आमचा स्टोव्ह चेपून जीपमध्ये पडला होता आणि सगळ्या जीपमध्ये रॉकेलचा वास भरला होता.

मी तेव्हा शिरपूर तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नोकरी नवी होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील जळगावला डाळमिलमध्ये कामाला. त्यामुळे टेबलावर माझ्या नावाची पाटी लागली तेव्हा मी ती रोज सकाळी स्वतः पुसायचो.

त्या बुधवारी आम्ही लसीकरणाला निघालो होतो. आम्ही म्हणजे मी, यावलकडच्या आमच्या कोल्हे सिस्टर आणि धुळ्याचा ड्रायव्हर गुलाबभाऊ. एका फेरीत दोन गावं करायची. पहिलं गाव झालं. दुसऱ्या गावाच्या अलीकडे नाला लागतो. श्रावणाचे दिवस, नाल्याला पाणी होतं, पण जीप निघेल इतकंच. गुलाबभाऊने गाडी घातली. मधल्या खड्ड्यात जीप अशी आदळली की मागे मोकळी ठेवलेली स्टेपनी उडाली आणि सरळ स्टोव्हवर बसली. टाकीचा जोड उसवला. वाती आत गेल्या. रॉकेल जीपभर झालं.

स्टोव्हचं एवढं काय, असं वाचकांना वाटेल. म्हणून थोडं सांगतो. आजच्यासारख्या वापरून फेकायच्या सुया तेव्हा नव्हत्या. सिरिंज काचेची, सुई स्टीलची, आणि दोन्ही पुन्हा वापरायच्या. प्रत्येक मुलाला वेगळी सिरिंज, वेगळी सुई. वापरून झाल्या की धुवायच्या आणि प्रेशर स्टरिलायझरमध्ये घालायच्या. स्टरिलायझर म्हणजे इंजेक्शनांचा प्रेशर कुकरच. वाफ धरली की पुढे वीस मिनिटं ती तशीच टिकली पाहिजे. मध्ये प्रेशर उतरलं तर पुन्हा पहिल्यापासून. सकाळी केंद्रातून निर्जंतुक करून आणलेल्या सिरिंजा पहिल्या गावात संपल्या होत्या. दुसऱ्या गावासाठी विस्तव हवाच होता.

आणि त्या दुसऱ्या गावासाठीच आम्ही खरे निघालो होतो. गावापलीकडच्या पाड्यावर गोवर आला होता. दोन मुलं फार अत्यवस्थ होती, त्यांना आदल्या दिवशीच धुळ्याला हलवलं होतं. पाड्यावरची माणसं रोज या गावात मजुरीला यायची. म्हणजे गोवर उंबऱ्याशी होता. आमच्याकडे गोवराची लस होती, बर्फाच्या पेटीत. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेल, पुढे नाही.

"परत फिरू," मी म्हणालो.

गुलाबभाऊने मागे बोट केलं. नाला आमच्या डोळ्यांसमोर चढत होता. वर डोंगरात पाऊस झाला असणार.

"डॉक्टरसाहेब, आते नाला सोडी तवय जाऊत," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "स्टेपनी बांधाले पायजे व्हती."

"आते म्हणतोस?" सिस्टर म्हणाल्या. "मी केंद्रातून निघताना दोनदा म्हटलं होतं. तेव्हा काय बोललास? म्हणे, स्टेपनी काय बकरी शे का, पळी जावाले!"

 गुलाबभाऊ स्टोव्ह उचलून दोन्ही हातांनी सरळ करून पाहू लागला.

मला तरी फार चिंता वाटत नव्हती. गाव समोर होतं. घराघरांत चूल असणार. एखाद्या चुलीवर स्टरिलायझर ठेवू, काम होईल.

गावात शिरलो तर गर्दी. एवढ्या बायका आणि एवढी मुलं मी लसीकरणाच्या कुठल्याच सेशनला पाहिली नव्हती. श्रावणात निंदणी-खुरपणीचे दिवस, बायका शेतात असतात. आम्हाला घरोघर हाका मारत फिरावं लागतं. इथे सगळ्या नवी लुगडी नेसून, मुलांना काजळ घालून लिंबाच्या झाडाखाली जमलेल्या. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, त्यावर दह्याचा अभिषेक झालेला. प्रत्येकीच्या हातात डबा किंवा ताटली. त्यात दशम्या, पुऱ्या, दहीभात.

"अरे वा," मी सिस्टरना म्हणालो, "आपल्यासाठी जमले की काय?"

"सर," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आज शीतळा सातम दिसते."

बुधवार म्हणजे लसीकरण, हे आमच्या केंद्रात वर्षभर ठरलेलं. वार पाहायचा, तिथी कुणी पाहत नसे. सिस्टरच्या माहेरी ही सातम पाळत नाहीत, आमच्याकडेही नाही. म्हणून दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. शीतळा म्हणजे देवी-गोवराची देवता. तिच्या दिवशी चूल पेटवत नाहीत. स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवायचा आणि सातमला सगळं थंड खायचं. चहासुद्धा नाही.

झाडाखालच्या त्या देवीच्या ठाण्याचं सगळं गावातल्या जानकीअक्का पाहायच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि चूल मागितली.

"नई," अक्का म्हणाल्या.

"अक्का, जेवणासाठी नाही. सुया उकळायच्या आहेत. पोरांसाठीच."

"पोरेसकरताच तं नई म्हनस मी. आज देवी घरोघर येस. चूलमा थंड राख ऱ्हास, तिमा लोळस. आंगनी आग थंडी करस. चूलमा इस्तव ऱ्हायना तं ती भाजी जाई. मंग ती कोनावर कोपी? पोरेसवरच ना?"

 विज्ञान शिकलेला माणूस म्हणून मी उत्तर शोधत होतो, पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरंच काही आलं. तापाने फणफणलेली, अंगभर पुरळ उठलेली देवी रात्री कुणाच्या तरी घरात शिरते आणि थंड राखेत अंग टाकते. गोवराचं मूल मी पाहिलेलं होतं. ते असंच जमिनीवर लोळतं, गार फरशी शोधतं. ही गोष्ट ज्या कुणी पहिल्यांदा सांगितली, त्याने तो आजार फार जवळून पाहिला होता.

"बाहेर, गावाच्या कडेला तीन दगड मांडू का?" मी विचारलं.

"तीन दगड मांडात का चूल व्हयनी."

"गावात कुणाकडे स्टोव्ह?"

"गुरुजीकडे शे. गुरुजी कुलूप लाईसन गावले गया."

सिस्टर म्हणाल्या, "सर, राहू द्या. पुढच्या बुधवारी येऊ."

पुढच्या बुधवारी या बायका शेतात असत्या आणि गोवर गावात. हे त्यांनाही कळत होतं. आजूबाजूच्या बायका ऐकत उभ्या होत्या. त्यांत मंगलवहिनी म्हणून एक होती. तिची थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी गोवरानंतरच्या न्यूमोनियाने गेली होती, हे सिस्टरनी मला नंतर सांगितलं. तिच्या कडेवर वर्षाचा मुलगा होता. ती अक्कांकडे पाहत होती, माझ्याकडे पाहत होती. तिच्या दुसऱ्या हातात वनस्पती तुपाचा मोठा रिकामा डबा होता. पुऱ्या वाटून संपल्या होत्या.

त्या डब्याकडे पाहता पाहता मला जळगावचा मेहरूण तलाव दिसला.

आठवीत असताना भिरूड बाईंनी आमचा वर्ग तलावावर नेला होता. सकाळी बाईंनी पिशवीतून दोन डबे काढले. एक मोठा, एक लहान. लहान डब्याच्या बुडाला भोकं, आणि वरच्या काठाखाली गोल ओळीने पुन्हा भोकं. मोठ्या डब्याला फक्त खाली कडेने भोकं. लहान डबा मोठ्यात असा बसवला की दोघांच्या मध्ये बोटभर जागा राहील आणि वरून ती जागा झाकलेली असेल. मग लहान डब्यात काड्या भरल्या आणि बाईंनी वरून काडी लावली. आम्ही हसलो. शेगडी कधी वरून पेटवतात का?

बाई म्हणाल्या, "हसा. पण धूर कुठे जातो ते बघत राहा."

थोड्या वेळाने धूर दिसेनासा झाला. वरच्या भोकांतून ज्वाळा निघू लागल्या, गॅसच्या शेगडीसारख्या. गॅसची शेगडी आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलीच नव्हती. बाईंनी समजावलं: लाकूड तापलं की त्यातून धूर निघतो, तो धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. दोन डब्यांच्या मधून जी हवा वर चढते, ती वाटेत तापते आणि वरच्या भोकांतून त्या धुराला भेटते. मग धूरच पेटतो. "धूर म्हणजे वाया गेलेला जाळ," त्या म्हणाल्या. तो डबा त्यांनी मला घरी न्यायला दिला. माझी आई डाळीच्या फोलपटांवर स्वयंपाक करायची आणि दिवसभर डोळे पुसायची, हे त्यांना कसं कळलं होतं, कोण जाणे.

"अक्का," मी म्हणालो, "डबामा पेटाडू तं चाली का?"

"डबामा?"

"चूल नाही. दगड नाहीत. राख तुमच्या घरात पडणार नाही. नुसता डबा."

अक्कांनी मंगलवहिनीच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांच्या तोंडावर हसू उमटलं.

"डबामा देवी कसाले लोळी? तिले जागा बी नई पुरी," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. पण अक्कांचं बोट वर गेलं. "एक सांगस. धूर देवीवर येवाले नको. धूर दिसना का पानी वतसू मी."

वारा नेमका ठाण्याच्या दिशेने होता.

मंगलवहिनीने डबा माझ्यापुढे ठेवला. त्या काळात असा डबा म्हणजे घरातली वस्तू होती. त्यात डाळ राहायची, पीठ राहायचं, लेकीबरोबर सासरी जायचा.

"वहिनी, याला भोकं पडतील. पुन्हा कामाचा नाही राहणार."

"पाडा," ती म्हणाली.

आतल्या डब्यासाठी आमच्याकडचा दूध पावडरचा डबा निघाला. सिस्टर त्यात कापूस ठेवायच्या. गुलाबभाऊने टूलबॉक्समधून स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी आणली, दोन्ही डब्यांना बाईंच्या डब्यांसारखी भोकं पाडली. मोठ्या डब्याच्या झाकणाला मध्ये गोल कापून त्यात लहान डबा बसवला. भांडं टेकवायला झाकणावर लांब बोल्ट उभे कसले. गुलाबभाऊने तीन काढले होते. मी चौथा मागितला.

"तीनवर बसस की, साहेब."

"तीन नकोत. अक्का बघताहेत."

भिजलेलं लाकूड चालणार नव्हतं. एका घराच्या माळ्यावरून गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या आल्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. बोटाएवढे तुकडे करून डबा काठोकाठ भरला. वरून स्पिरिटचा बोळा ठेवून काडी लावली.

आणि भसाभस धूर निघाला. पिवळा, दाट. वाऱ्याने तो थेट ठाण्याकडे वळला. अक्का तांब्या घेऊन उठल्याच.

"अक्का, एक मिनिट!"

मी चिमट्याने डबा फिरवला, फुंकर मारली, काही उपयोग नाही. अक्कांनी पाणी ओतलं. धूर गेला, जाळही गेला. कुणी हसलं नाही. मंगलवहिनीने पदर तोंडाला लावला.

मी त्या काळ्या डब्यात पाहत बसलो. आणि मला बाईंचा आवाज ऐकू आला, शिकवताना त्या ज्या आवाजात रागवायच्या त्या आवाजात: "महाजन, वरची भोकं झाकलीस, तर धुराला हवा मिळणार कुठून?" मी डबा काठोकाठ भरला होता. काड्या वरच्या भोकांच्याही वर आल्या होत्या. काड्या त्या ओळीच्या खालीच राहायला हव्यात.

"अक्का, अजून एकदा."

"आते शेवटलं."

डबा कोरडा पुसला. मी भोकं थोडी मोठी केली. काड्या भरल्या, यावेळी खालीच ठेवल्या. पाऊस भुरभुरू लागला, तशी सिस्टरनी छत्री धरली. काडी लावली.

आधी थोडा धूर आला. अक्कांचा हात तांब्यावर गेला. मग धुराची ती दोरी बारीक झाली, थरथरली, आणि तुटली. पहिल्यांदा एका भोकातून ज्वाळेची जीभ आत आली. मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. बघता बघता सगळ्या भोकांतून ज्वाळा आत झुकल्या, फुलाच्या पाकळ्या मिटाव्यात तशा. मधे निळसर, कडेला पिवळ्या. धूर कुठेच नाही. खालच्या काड्या काळ्या पडत होत्या, पण पेटलेल्या दिसत नव्हत्या. आग काड्यांवर नव्हतीच. ती हवेत होती.

लहानपणी तलावावर हे मी पाहिलं होतं. तरी मी उकिडवा बसून पाहतच राहिलो.  पाऊस छत्रीवर वाजत होता.

"धूर कथा गया?" अक्कांनी हळूच विचारलं.

"जळी गया, अक्का."

"धूर बी जळस?"

"जळस."

अक्कांनी तांब्या खाली ठेवला.

स्टरिलायझर बोल्टांवर चढवला. पण माझ्या लक्षात आलं की एका भरतीत काम होणार नाही. असा डबा पेटता असताना भरता येत नाही. वरून काड्या टाकल्या की पुन्हा धूर. वाफ धरेपर्यंतच निम्म्या काड्या संपतील आणि प्रेशर मध्येच उतरेल. दुसरा डबा हवा होता. मी तसं म्हणालो मात्र, तीन बायकांनी डबे पुढे केले. त्यांतला एक अजून अर्धा पुऱ्यांनी भरलेला होता. तिने तिथेच मुलांच्या हातांवर पुऱ्या ठेवल्या आणि डबा मोकळा केला.

आतला डबा यावेळी बिस्किटांचा. गुलाबभाऊने तो माझ्याआधी तयार केला. पहिल्याच्या ज्वाळा उतरायला लागल्या तेव्हा दुसरा पेटवला. तो स्वच्छ जळायला लागेपर्यंत माझं लक्ष स्टरिलायझरच्या शिट्टीवर. वाफेचा आवाज बारीक होऊ लागला. मी आणि गुलाबभाऊने फडक्याने दोन्ही बाजू धरून स्टरिलायझर उचलला आणि दुसऱ्या डब्यावर ठेवला. आवाज खाली आला, थांबेल असं वाटलं, आणि मग पुन्हा भरून आला.

कुणीतरी शीतळेचं गाणं सुरू केलं. बाकीच्या मिळाल्या. मी घड्याळ पाहत होतो आणि त्या गात होत्या. वीस मिनिटं पूर्ण झाली तेव्हा सिस्टरनी "झालं, सर" म्हटलं, आणि स्टरिलायझर उतरवायला फडकं पुढे केलं.

पण अजून एक राहिलं होतं. सिरिंजा निवल्या, लस तयार झाली, आणि एकही आई पुढे येईना. मंगलवहिनीसुद्धा. देवीच्या थंडाव्याच्या दिवशी पोराच्या अंगात विस्तवावरची सुई. त्यातून कदाचित तापही येणार. सगळ्यांचे डोळे पुन्हा अक्कांकडे.

अक्का उठल्या आणि लसीच्या पेटीपाशी आल्या. "हाई काय शे?"

सिस्टरनी झाकण किंचित उघडलं. अक्कांनी आत हात घातला तो बर्फाच्या पिशवीवर पडला. त्यांनी झटकन हात ओढला, मग पुन्हा ठेवला. बराच वेळ ठेवला. त्या वयात त्यांनी बर्फाला प्रथमच हात लावला असावा.

"औषध याम्हा ठेयेल व्हतं?"

"हो अक्का. गरम झालं की मरतं ते. थंडच लागतं."

अक्कांनी तो ओला हात आधी स्वतःच्या डोळ्यांना लावला, मग शेजारी उभ्या असलेल्या नातवाच्या कपाळाला. मग नातवाला सिस्टरपुढे उभं केलं.

"हाई तिनंच शे, देवीनं," त्या ठाण्याकडे हात करून म्हणाल्या. "टोचा."

त्यानंतर रांग लागली. मंगलवहिनी दुसरी होती.

नाला दुपारनंतर उतरला. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावलं.

"महाजन, स्टोव्ह फुटलेला, आणि सेशन पूर्ण? सिरिंजा कशावर उकळल्या?"

"डब्यात, सर."

"कशाच्या डब्यात?"

"तुपाच्या. आणि बिस्किटांच्या."

साहेबांनी चष्मा काढला. "प्रेशर टिकलं?"

"टिकलं, सर. सिस्टर साक्षीला आहेत."

"मग रिपोर्टमध्ये 'उपलब्ध साधनांवर' एवढंच लिहा. डबे लिहिलेत तर वरून विचारतील, डब्यांना मंजुरी कुणी दिली."

गोवर त्या गावात आला. नाही आला असं मी म्हणणार नाही. लस टोचायच्या आधीच ज्यांच्या अंगात तो होता, अशा दोन मुलांना निघाला, पण ती सुखरूप उठली. बाकीची मुलं वाचली. मंगलवहिनीच्या मुलाला काही झालं नाही.

यातून आमच्या केंद्राने दोन गोष्टी शिकून घेतल्या. एक, सेशन ठरवताना पंचांग बघायचं. दोन, स्टेपनी बांधायची. गुलाबभाऊ ती पुढे इतकी घट्ट बांधायचा की पंक्चर झालं तर सोडवायला गावातली माणसं बोलवावी लागायची.

आणि त्या सेशनच्या दुसऱ्याच दिवशी मी भिरूड बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थस्वरूप बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या डब्याने काल एका गावची मुलं वाचवली. कसं ते भेटीत सविस्तर सांगेन. पहिल्यांदा मी काड्या भोकांच्या वर भरल्या. मग आपला ओरडा आठवला.

वडिलांना मला मिलमध्ये लावायचं होतं, आणि आपण आमच्या घरी येऊन ओट्यावर बसून राहिलात, ते "बरं" म्हणेपर्यंत उठला नाहीत. त्या दिवसाबद्दल मी आपल्याला कधी काही बोललो नाही. काल डबा पेटला तेव्हा ते बोलावंसं वाटलं. पण समोर अक्का होत्या.

आपण दिलेला डबा आईने अजून ठेवला आहे. आता घरी स्टोव्ह आहे, तरी टाकत नाही. बुडाला भोकं आहेतच, म्हणून तिने त्यात तुळस लावली आहे.

एक निरोप आहे. निघताना जानकीअक्कांनी विचारलं, हे तुले कोनी शिकाडं? मी आपलं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिले सांग, पुढली सातमले आठे जेवाले ये. पन थंडंच मिळी."

मी त्यांना हो म्हणून बसलो आहे. आपण शिरपूरच्या स्टँडवर उतरा. मी जीप घेऊन उभा असेन. स्टेपनी बांधलेली असेल.

आपला विद्यार्थी,
प्रल्हाद महाजन, आठवी ब